आधी मीटर, मग ड्रिल

आयटीआयमधून वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडलेला मुलगा पहिल्या कमाईतून कोणते हत्यार विकत घेतो, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. तो ड्रिल मशीन घेतो. ते साहजिकही आहे, कारण ड्रिलचा आवाज होतो, भिंतीला भोक पडते, घरमालकाला काम चालू असल्याचे दिसते आणि पिशवीतून मशीन बाहेर काढणाऱ्याला मिस्त्री म्हणून मान मिळतो. त्याच पिशवीच्या तळाशी चहा-नाश्त्याच्या पैशात मिळणारा एक टेस्टर पडलेला असतो आणि त्या मुलाचा जीव दिवसभर त्या टेस्टरच्या भरवशावर असतो. सांगलीत घरगुती वायरिंगची आणि कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान कारखान्यांची कामे घेणारा ठेकेदार म्हणून माझे मत असे झाले आहे की, ही खरेदी नेमकी उलट्या क्रमाने व्हायला हवी.

सुताराला लाकडाची रेषा दिसते, गवंड्याला ओळंबा सोडला की भिंतीचा कल कळतो. वीजकाम करणाऱ्याला मात्र ज्या गोष्टीशी व्यवहार करायचा ती दिसत नाही, ऐकू येत नाही आणि तिचा वास येतो तेव्हा बहुधा काहीतरी जळून गेलेले असते. म्हणून आमच्या हत्यारांचे मी मनाशी दोन गट केले आहेत: सांगणारी हत्यारे आणि करणारी हत्यारे. करणारे हत्यार हलके निघाले तर वेळ जातो, मनगट दुखते, फार तर एखादा बोर्ड वाकडा बसतो. सांगणारे हत्यार चुकीचे सांगू लागले तर तारेत वीज नाही असे समजून माणूस तिला हात लावतो. तासगावला स्वतःची कामे सुरू करणाऱ्या माझ्या भाच्याने परवा फोन केला, "मामा, तुम्ही नुसती यादी द्या, मी उद्या जाऊन घेऊन येतो." यादी मी त्याला दिली नाही. यादी कोणताही दुकानदार देतो आणि त्याच्या यादीत सर्वांत महाग वस्तू सर्वांत वर असते. मी त्याला सांगलीला बोलावून घेतले आणि गणपती पेठेत जाण्याआधी माझी स्वतःची पिशवी त्याच्यासमोर उघडली.

पहिला विषय टेस्टरचा. स्क्रू ड्रायव्हरच्या आकाराचा, पारदर्शक मुठीचा हा टेस्टर आपल्याकडे घराघरांत असतो. त्याच्या पोटात निऑनचा एक बारीक दिवा असतो, त्याला जोडून सुमारे दहा लाख ओहमचा रोधक असतो, मग स्प्रिंग आणि शेवटी टोपी, जिच्यावर आपण बोट ठेवतो. वीज टोकातून रोधकात, तिथून दिव्यात आणि मग आपल्या शरीरातून जमिनीकडे जाते. २३० व्होल्टला दहा लाख ओहमचा अडसर घातला की प्रवाह पाव मिलिअँपिअरपेक्षाही कमी उरतो आणि तो शरीराला जाणवत नाही. म्हणजे या उपकरणात आपण स्वतः मंडलाचा एक भाग असतो. कोरड्या लाकडी घडवंचीवर रबरी चप्पल घालून उभे राहिले आणि समोर दुपारचे ऊन असले तर दिवा इतका मंद लागतो की तो लागलाच नाही असे वाटते. उलट, एकाच पाइपातून शेजारी-शेजारी गेलेल्या तारांपैकी बंद असलेल्या तारेवरही शेजारच्या चालू तारेमुळे नुसता दाब उत्पन्न होतो आणि टेस्टर तिथे खुशाल लागतो. असलेली वीज नाही म्हणणे आणि नसलेली वीज आहे म्हणणे, या दोन्ही चुका एकच वस्तू करते.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. मुख्य न्यूट्रल कुठेतरी तुटलेला असतो आणि घरातला एखादा पंखा किंवा दिवा चालू स्थितीत राहिलेला असतो. अशा वेळी फेज त्या पंख्याच्या वेटोळ्यातून पलीकडे जाऊन न्यूट्रलच्या तारेवर येऊन थांबतो. प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतो आणि नवा मुलगा गोंधळून सांगतो की दोन्हीकडे फेज आला आहे. प्रत्यक्षात फेज एकच असतो, परतीचा रस्ता तेवढा बंद असतो. निऑन टेस्टर या दोन अवस्थांमधला फरक सांगू शकत नाही, कारण त्याला एका टोकाला तार आणि दुसऱ्या टोकाला माणूस एवढेच ठाऊक असते.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते अण्णा या कारणासाठी टेस्ट लॅम्प वापरत: होल्डर, त्यात साधा बल्ब आणि दोन लांब तारा. बल्ब खरा प्रवाह मागतो, त्यामुळे शेजारच्या तारेमुळे आलेला पोकळ दाब बल्ब जोडताच नाहीसा होतो. तीन फेजच्या ठिकाणी ते दोन बल्ब एकामागे एक जोडत, कारण दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात आणि एकटा बल्ब त्यांच्यापुढे टिकत नाही. युक्ती उत्तम होती, पण उघडी काच आणि सोललेली टोके हातात धरून बोर्डावर झुकणे मला कधीच पसंत पडले नाही. आज हेच काम दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर करतो. त्याचे एक टोक फेजवर आणि दुसरे न्यूट्रलवर किंवा अर्थवर ठेवता येते, मधे माणूस नसतो आणि किती व्होल्ट आहेत तेही कळते. ब्रिटनमधल्या सुरक्षा-प्रशासनाच्या जीएस ३८ या मार्गदर्शिकेत अशा टोकांचा उघडा धातू ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा असे म्हटले आहे. आपल्या बाजारात मिळणाऱ्या मीटरच्या टोकांना बोटाच्या पेराएवढा धातू उघडा असतो, म्हणून मी त्यावर रबरी नळी चढवून घेतो.

तारेजवळ नुसते धरले की चिवचिवणारे पेन हल्ली सर्वांना आवडते. भिंतीत तार कुठून गेली आहे याचा अंदाज घ्यायला किंवा बोर्डावरच्या गर्दीत चालू तार शोधायला ते उपयोगी आहे. वीज नाही हे ठरवायला मी ते कधीही वापरू देत नाही. वीज नाही हे ठरवण्याची रीत एकच आहे: टेस्टर आधी नक्की चालू असलेल्या जागी लावून पाहायचा, मग ज्या तारेला हात लावायचा तिच्यावर आणि त्यानंतर पुन्हा त्या चालू जागी. मधल्या अर्ध्या मिनिटात टेस्टरच बंद पडला नव्हता, याची खात्री तिसऱ्या वेळी होते.

मल्टिमीटरच्या बाबतीत भाच्याचा प्रश्न असा होता की, दोन मीटर सारखेच व्होल्ट दाखवत असतील तर एकाची किंमत दुसऱ्याच्या दहापट का? उत्तर पडद्यावर नाही, टोके जोडायच्या भोकांजवळ छापलेल्या बारीक अक्षरांत आहे. तिथे कॅट २, कॅट ३ किंवा कॅट ४ असे लिहिलेले असते आणि पुढे व्होल्टचा आकडा असतो. कॅट २ म्हणजे प्लगला जोडलेली उपकरणे, कॅट ३ म्हणजे इमारतीतली पक्की वायरिंग आणि वितरण बोर्ड, कॅट ४ म्हणजे सर्व्हिस वायर आणि कंपनीच्या मीटरची बाजू. रोहित्र जितके जवळ तितका शॉर्ट सर्किटचा प्रवाह मोठा असतो आणि वीज पडल्यामुळे किंवा लाइन चालू-बंद झाल्यामुळे येणारा क्षणिक दाबही तितकाच जोरात येतो. तो दाब मीटरच्या आत ठिणगी पाडतो, त्या ठिणगीची ज्वाला होते आणि ज्वाला हातात असते. महाग मीटरमध्ये पैसे या गोष्टीचे असतात: आतल्या पट्ट्यांमधले अंतर, जाड कवच आणि वाळूने भरलेला, मोठा प्रवाह तोडू शकणारा फ्यूज. स्वस्तातल्या कित्येक पिवळ्या मीटरवर १० अँपिअरच्या भोकाशेजारी तिथे फ्यूज नसल्याचे प्रामाणिकपणे छापलेले असते, पण ते कोणी वाचत नाही. तार त्या भोकात राहून गेली आणि टोके फेज-न्यूट्रलवर ठेवली की मीटर हा मीटर राहत नाही, तो शॉर्ट सर्किटचा तुकडा होतो. घरगुती कामाला कॅट ३, ६०० व्होल्टचा मीटर मी किमान मानतो आणि यात घासाघीस करत नाही.

तारेभोवती जबडा अडकवून तिच्यातला प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर शहरातल्या मुलांना चैनीची वस्तू वाटते, पण आपल्या जिल्ह्यात शेतीपंपांची कामे करणाऱ्याचे त्याच्यावाचून पान हलत नाही. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली तेव्हापासून हा भाग पंपांचा आहे आणि कृष्णा-वारणेच्या काठाने पाणी उपसणाऱ्या मोटारींची मोजदाद करणे अवघड आहे. पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटार पूर्ण भारावर साधारण साडेसात अँपिअर घेते. तिन्ही तारांवर आळीपाळीने क्लॅम्प लावला आणि तिन्हीकडे जवळपास सारखे आकडे आले तर मोटार सुखी आहे. एकीकडे शून्य आणि उरलेल्या दोन्हीकडे भलताच मोठा आकडा असेल तर एक फेज गेला आहे, मोटार दोन फेजांवर ओढत आहे आणि ती काही मिनिटांत वाइंडिंगच्या दुकानाची वाट धरणार आहे. हे निदान करायला तार तोडावी लागत नाही, स्टार्टरचे झाकण उघडले की पुरते. जबड्यात एका वेळी एकच तार घ्यायची, हे मात्र सांगावे लागते. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा एकत्र घेतल्या तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. खोडाखोड पूर्ण झाली नाही तर उरलेला प्रवाह गळतीचा असतो, आणि तो मिलिअँपिअरमध्ये मोजणारे वेगळे, बऱ्यापैकी महाग क्लॅम्प येतात. छतावर सौर पॅनेल बसवण्याची कामे ज्याला करायची असतील त्याने डी. सी. प्रवाह मोजणारा क्लॅम्प पाहून घ्यावा, कारण साधा क्लॅम्प रोहित्राच्या तत्त्वावर चालतो आणि डी. सी.समोर तो गप्प बसतो.

आता मेगर, म्हणजे तारेवरचे आवरण वीज गळू देते का ते तपासणारा मीटर. हे उपकरण घरगुती काम करणाऱ्या मुलांच्या पिशवीत जवळजवळ कधीच नसते, आणि सांगलीत तरी ते असायला हवे असे मला २०१९ च्या ऑगस्टपासून ठामपणे वाटते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. गावभाग, खणभाग, हरभट रोड, मारुती चौक या भागांतल्या तळमजल्यांवरचे मीटर, बोर्ड, प्लग सगळे कित्येक दिवस पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर लोकांनी घरे धुतली, गाळ उपसला आणि मग प्रत्येक दारात एकच प्रश्न उभा राहिला: मेन चालू करायचा का?

या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी देता येत नव्हते, कारण बोर्ड वरून कोरडे दिसत होते. मल्टिमीटरनेही देता येत नव्हते. रोध मोजताना मल्टिमीटर स्वतःच्या बॅटरीतले काही व्होल्टच तारेवर लावतो आणि ओलसर आवरण एवढ्या कमी दाबाला कित्येकदा दाद देत नाही. तेच आवरण २३० व्होल्टला गळू लागते. मेगर ५०० व्होल्टचा डी. सी. दाब लावतो आणि आवरणाचा रोध मेगओहममध्ये दाखवतो. किमान १ मेगओहम हवा ही घरगुती वायरिंगची मर्यादा आहे आणि चांगल्या, कोरड्या वायरिंगला त्याच्या कित्येक पट आकडा येतो. सिडनी एव्हरशेड या इंग्रज अभियंत्याने १८८९ मध्ये अशा उपकरणाचे पेटंट घेतले आणि मेगर हे नाव १९०३ मध्ये नोंदवले गेले. अण्णांकडचा मेगर हाताने फिरवायचा होता, मिनिटाला सुमारे १६० फेरे एकसारखे राखावे लागत आणि दुसऱ्या माणसाला टोके धरावी लागत. आताचा बॅटरीवर चालतो आणि एका हातात मावतो.

त्या दिवसांत आम्ही एक पद्धत बसवली होती. मेन उतरवायचा, सगळी उपकरणे प्लगमधून काढायची, एलईडी दिवे आणि पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वेगळे करायचे, कारण ५०० व्होल्टला ते जळू शकतात किंवा आकडा बिघडवतात. मग फेज आणि न्यूट्रल एकत्र करून अर्थशी मोजायचे. पहिल्या फेरीत बहुतेक घरांत आकडा शून्याच्या आसपासच घुटमळत असे. त्यानंतर एकेक सर्किट सोडवत गेले की दोष कुठे आहे ते उलगडे. तारांचे पीव्हीसी आवरण सहसा शाबूत असे; दोष असे तो जोडांत, बोर्डाच्या मागच्या पेटीत आणि पाइपाच्या वळणांवर साचलेल्या गाळात. पाणी सुकते, गाळ सुकत नाही असे म्हटले तरी चालेल, कारण त्यातले क्षार हवेतला ओलावा धरून ठेवतात. पेट्या स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवल्या की त्याच सर्किटचा आकडा दिवसागणिक वर सरके. बुडालेले एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) आणि आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारे स्विच) मात्र आम्ही सरसकट काढून टाकले. त्यांच्या आतल्या यंत्रणेत गाळ गेल्यावर ते ऐन वेळी पडतील याची हमी देता येत नाही. लोक नाराज झाले, पुराने आधीच खिसा रिकामा केला होता, आणि नव्या एमसीबीचा खर्च त्यांना आमचा हावरटपणा वाटला. मेगरचा पडदा त्यांच्या समोर धरल्यावर बहुतेकांचा विरोध मावळला. सांगणाऱ्या हत्याराचा हा एक उपयोग मला तोवर सुचला नव्हता: ते आपल्याला सांगते तसे घरमालकालाही सांगते. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले तेव्हा ओळखीच्या घरांतून फोन आले ते, "मेगर घेऊन या," असेच.

हातातल्या हत्यारांविषयी मी थोडक्यात सांगणार होतो, पण पकडीवर थांबावेच लागेल. आठ इंची पक्कड हे आमच्या धंद्याचे मूळ हत्यार आहे. नाशिकला बनणाऱ्या टपारियाच्या पकडी आपल्याकडे दोन-तीन पिढ्या वापरात आहेत आणि त्यांचे पोलाद चांगले आहे. प्रश्न पोलादाचा नसून मुठीवरच्या आवरणाचा आहे. मुठीवर चढवलेली रंगीत प्लॅस्टिकची नळी ही पक्कड हातातून निसटू नये म्हणूनही असू शकते आणि वीज लागू नये म्हणूनही असू शकते; दिसायला दोन्ही सारख्याच. चालू लाइनवर वापरायला योग्य अशा हत्यारावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्ही असा आकडा कोरलेला असतो. आयईसी ६०९०० या मानकाप्रमाणे अशी हत्यारे १०,००० व्होल्टला तपासलेली असतात, तेव्हा कुठे त्यांच्यावर १००० लिहिता येते. आवरणाला चीर गेली, तापलेल्या तारेचा डाग पडला किंवा नळी मुठीवर सरकू लागली की ती पक्कड खिळे उपटण्याच्या कामाला द्यावी. वरून चिकटपट्टी गुंडाळून ती पुन्हा बोर्डावर नेणारे लोक मी पाहतो तेव्हा मला त्यांच्या काटकसरीचे कौतुक वाटत नाही.

तार सोलण्याची आपल्याकडची सर्वांत लोकप्रिय हत्यारे दोन: पकडीची धार आणि माणसाचे दात. दातांविषयी दंतवैद्यांनी बोलावे. पकडीने सोलताना तारेच्या काही लडी कापल्या जातात, तिथे तांबे कमी उरते आणि भार आल्यावर नेमकी तीच जागा तापते. स्ट्रिपर घ्यावा हे सर्वांना पटते, पण तो घेताना एक अडचण लक्षात येत नाही. बाजारातल्या कित्येक स्ट्रिपरवर अमेरिकी गेजचे आकडे असतात आणि आपल्या तारा चौरस मिलिमीटरमध्ये येतात. जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी तर अजून तीन-बावीस (बावीस गेजच्या तीन लडी) आणि सात-वीस हीच मापे आहेत. आपली अडीच चौरस मिलिमीटरची तार अमेरिकी १४ गेजपेक्षा जाड आहे, कारण ते २.०८ चौरस मिलिमीटर भरते, आणि १२ गेजपेक्षा बारीक आहे, कारण ते ३.३१ भरते. म्हणजे एका भोकात लडी कापल्या जातात आणि दुसऱ्यात आवरण ओढून फाटते. यावर उपाय म्हणून मी दुकानात जाताना खिशात एक, दीड, अडीच आणि चार चौरस मिलिमीटरच्या तारांचे तुकडे घेऊन जातो आणि काउंटरवरच सोलून पाहतो. दुकानदाराला ते आवडत नाही. स्ट्रिपर मात्र योग्य मिळतो.

स्क्रू ड्रायव्हरचे दांडे टोकापर्यंत आवरणात असावेत आणि टोक स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसावे, यापलीकडे त्यात फारसे गूढ नाही. एमसीबीचे स्क्रू किती आवळायचे याचा आकडा उत्पादक छापतो, तो बहुधा दोन-अडीच न्यूटन-मीटरच्या आसपास असतो आणि ठरलेल्या जोराला कटकन सुटणारा टॉर्क ड्रायव्हर मिळतो. कारखान्यांच्या पॅनेलवर काम करणाऱ्याने तो घ्यावा. घरगुती कामाला अनुभवी मनगट पुरते, पण मनगट अनुभवी व्हायला वेळ लागतो आणि तोवरचे सैल जोड लोकांच्या घरांत राहून जातात. क्रिंपिंगसाठी, म्हणजे तारेच्या टोकाला धातूचा लग चेपून बसवण्यासाठी, दाब पूर्ण झाल्याशिवाय न उघडणारे रॅचेटचे हत्यारच घ्यावे. पकडीने चेपलेला लग हा लग लावल्याचा देखावा असतो. सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची आणि आतली तार तांब्याची असेल तर दोन धातूंचा बायमेटल लग लागतो, नाहीतर ओलावा आला की त्या सांध्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

एवढे बोलून झाल्यावर भाच्याने शेवटी विचारलेच, "आणि ड्रिल?"

ड्रिलच्या आधीची अवस्था अण्णांनी भोगली होती. भिंतीला भोक पाडायला ते जंपर वापरत: हातोडीचा एक ठोका, जंपर थोडा फिरवायचा, पुन्हा ठोका. त्या भोकात लाकडी गिट्टी ठोकायची आणि गिट्टीत स्क्रू. भोकात प्लग बसवण्याची कल्पना इंग्लंडमध्ये जॉन रॉलिंग्ज या ठेकेदाराने १९११ च्या सुमारास आणली, तीही ब्रिटिश म्युझियमच्या भिंती न फोडता विजेचे सामान बसवण्याच्या गरजेतून. विजेवर चालणारे, हातात धरायचे ड्रिल जर्मनीत फाइनच्या कारखान्यात १८९५ मध्येच तयार झाले होते. आपल्या मिस्त्र्यांच्या हाती ते यायला बराच काळ जावा लागला.

आज दुकानात दोन जातींची मशीने शेजारी-शेजारी मांडलेली असतात आणि दोघांनाही लोक हॅमरच म्हणतात. साध्या हॅमर ड्रिलमध्ये दातेरी दोन चकत्या एकमेकींवर घसरतात आणि पुष्कळ पण हलके ठोके देतात. जोर आपल्याला मागून लावावा लागतो. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवा दाबतो आणि ती हवा आतला घण फेकते, म्हणून ठोके कमी पण भारी असतात आणि मशीन नुसते धरून ठेवले तरी भोक पुढे सरकते. विटेच्या भिंतीला पहिले पुरते. आरसीसीच्या स्लॅबला आणि कॉलमला दुसऱ्याशिवाय गत्यंतर नाही. रोटरी हॅमरमध्ये बॉशने १९७५ मध्ये आणलेल्या एसडीएस पद्धतीचा बिट बसतो, चावी लागत नाही, आणि फिरणे बंद करून नुसत्या ठोक्यांवर छिन्नी चालवता येते, त्यामुळे कन्सील्ड, म्हणजे भिंतीत गाडलेल्या, वायरिंगची झिरीही त्यानेच निघते. एकच मशीन परवडत असेल तर दोन किलोच्या वर्गातला, तिन्ही प्रकारे चालणारा रोटरी हॅमर घ्यावा असे माझे मत आहे. गावभागातल्या जुन्या वाड्यांत मात्र तेच मशीन घात करते. मातीत बांधलेल्या विटांच्या भिंतीला ठोके दिले की भोकाभोवतीचा गिलावा सुपाएवढा खाली येतो. तिथे ठोके बंद ठेवून नुसते फिरवून भोक पाडायचे. जोत्याच्या काळ्या दगडाला वायरिंगसाठी शक्यतो छेडूच नये, मार्ग वरून काढावा.

ग्राइंडरला चकती लावून झिरी मारण्याची पद्धत सर्रास आहे आणि चकती मोठी बसावी म्हणून गार्ड काढून टाकण्याचीही. याविषयी मला वाद घालायचा नाही. गार्ड काढलेला ग्राइंडर माझ्या कामावर चालत नाही. दोन चकत्यांचा आणि धूळ ओढून घेणारा वॉल चेसर मोठ्या कामांना भाड्याने आणावा.

बॅटरीवरचे ड्रिल नव्या इमारतींत वीज येण्याआधी आणि पुरानंतर वीज नसताना फार कामाचे ठरते. त्यात व्होल्ट पाहून भुलू नये. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार पाहावा. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तासांची बॅटरी ७२ वॉट-तास साठवते, आणि बोर्ड बसवणे, स्क्रू आवळणे एवढ्यासाठी १२ व्होल्टचे हलके मशीन दिवसभर हाताला सुसह्य वाटते. बॅटरी एका कंपनीची घेतली की पुढची मशीने बहुधा त्याच कंपनीची घ्यावी लागतात. म्हणून त्या कंपनीचे दुरुस्ती केंद्र सांगली-कोल्हापूरच्या टापूत आहे का, कार्बन ब्रश आणि आर्मेचर सुटे मिळतात का, हे आधी विचारावे. तारेवरच्या मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी आवरणाचे असते आणि त्याला अर्थची पिन नसते. जुन्या धातूच्या अंगाच्या मशीनला अर्थ लागतोच. तिची तिसरी पिन मोडून दोन पिनांचा प्लग लावलेला दिसला तर मशीन बाजूला ठेवावे. आणि मशीन कोणतेही असो, एक्स्टेन्शन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर काम करताना त्याचे मोल कळते. गुंडाळीवरची तार पूर्ण उलगडूनच भार द्यावा, नाहीतर ती आतल्या आत तापते.

शेवटी भाच्याने दोन टोकांचा टेस्टर, कॅट ३ चा मीटर, १००० व्होल्टच्या खुणेची पक्कड आणि दोन स्क्रू ड्रायव्हर घेतले. स्ट्रिपर तिसऱ्या दुकानात मिळाला. क्लॅम्प मीटर तो द्राक्षांच्या हंगामाआधी घेणार आहे, कारण बागाईतदारांच्या मोटारींची कामे तेव्हा वाढतात. मेगर मी माझा देणार आहे, बॅटऱ्या स्वतः घालण्याच्या अटीवर. रोटरी हॅमर त्याने रोजाने भाड्याने आणायचा ठरवला आहे आणि चार-सहा कामे झाल्यावर कोणता घ्यायचा ते त्याचे त्यालाच कळेल. निघताना मी त्याच्या शिडीची चौकशी केली. ती ॲल्युमिनियमची निघाली, हलकी, घडीची, मोटारसायकलला बांधता येणारी. त्याला ती सोडवत नाही आणि फायबरची शिडी जड व महाग आहे, त्यामुळे तूर्त बांबूची करून घ्यायची की फायबरसाठी थांबायचे, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. तोपर्यंत ॲल्युमिनियमची शिडी रंगाऱ्याला वापरायला द्यावी, एवढे त्याने मान्य केले आहे.